द्रवधातूचे उष्णता विनिमयक

पुणे-नगर रस्त्यावरील सणसवाडीसारख्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांना विजेइतकीच उष्णतेचीही गरज असते. ही उष्णता अणुभट्टीतून घेण्याची कल्पना नवी नाही. कझाकस्तानातील अक्ताऊ येथील 'बीएन-३५०' ही सोडियमने थंड होणारी भट्टी १९७३ ते १९९९ या काळात विजेबरोबरच समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठीही उष्णता पुरवीत होती.

सोडियम सुमारे ९८ अंश सेल्सिअसला वितळते आणि ८८३ अंशांना उकळते. त्यामुळे ५५० अंशांच्या आसपासही ते जवळपास वातावरणीय दाबाखाली द्रवरूप राहते. त्याची उष्णतावहनक्षमता पाण्याच्या सुमारे शंभरपट आहे. साहजिकच विनिमयकात धातूच्या बाजूने उष्णतेला फारसा अडथळा होत नाही. नळीची भिंत आणि पलीकडचा प्रवाह यांवरच नळ्यांचा आकार व संख्या ठरते. मात्र याच गुणामुळे तापमानातील अचानक बदलही पोलादाला तत्काळ जाणवतो आणि जाड भागांना तडे जाण्याचा धोका संभवतो.

खरी कसोटी असते ती वाफ निर्माण करणाऱ्या विनिमयकाची. नळीच्या एका बाजूला सोडियम, तर दुसऱ्या बाजूला उच्च दाबाचे पाणी असते. नळीला सूक्ष्म छिद्र पडले तरी पाणी सोडियममध्ये घुसते. तीव्र अभिक्रिया होऊन हायड्रोजन बाहेर पडतो आणि शेजारच्या नळ्याही झिजू लागतात. स्कॉटलंडमधील डाउनरे येथे १९८७ मध्ये एका नळीपासून सुरू झालेल्या बिघाडात काही सेकंदांत सुमारे चाळीस नळ्या निकामी झाल्या. म्हणूनच भट्टीतील किरणोत्सारी सोडियम आणि पाणी यांच्यामध्ये सोडियमचे आणखी एक स्वतंत्र मंडल ठेवतात. सोडियममधील हायड्रोजन मोजणारी यंत्रणा गळतीची पूर्वसूचना देते.

तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे १९८५ मध्ये कार्यान्वित झालेल्या छोट्या प्रायोगिक भट्टीच्या अनुभवावर ५०० मेगावॉटच्या भट्टीची रचना झाली. या मोठ्या भट्टीच्या गाभ्याची भरणी मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्या आठ वाफजनित्रांपैकी प्रत्येकात २३ मीटर लांबीच्या ५४७ नळ्या आहेत. त्यासाठी क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलाद निवडण्यात आले. प्रत्येक नळीची दोन्ही टोके जाड पट्ट्यांना जोडलेली असतात; म्हणजे केवळ या सांध्यांचीच संख्या साडेआठ हजारांहून अधिक होते. त्यातील प्रत्येक सांधा निर्दोष असणे आवश्यक आहे.

पाण्यापासून औष्णिक-रासायनिक पद्धतीने हायड्रोजन मिळविण्यासाठी मात्र याहून अधिक तापमान लागते. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी १०० किलोवॉट औष्णिक क्षमतेच्या लहान भट्टीचे संकल्पन केले. तिच्यातील शीतक १००० अंशांपर्यंत तापणे अपेक्षित असल्याने सोडियमऐवजी शिसे-बिस्मथचे मिश्रण योजण्यात आले. हे मिश्रण पाण्याशी तीव्र अभिक्रिया करीत नाही. मात्र पोलादातील निकेल त्यात विरघळते आणि बिस्मथपासून किरणोत्सारी पोलोनियम तयार होते. शीतक बदलला की धोक्याचे स्वरूप बदलते. उष्णता पलीकडे नेणारी भिंत अभेद्य राखण्याची जबाबदारी मात्र कायम राहते.