सुईचे छिद्र आपोआप मिटविणारे बूच : एक ऐतिहासिक वेध

लसीकरणाच्या इतिहासात लसीची चर्चा विपुल होते. तिच्या बाटलीच्या बुचाची क्वचितच. वस्तुतः एकाच बाटलीतून अनेकांना टोचावयाचे असेल, तर बूच हाच तिचा सर्वांत दुर्बल भाग ठरतो. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे याचा विदारक प्रत्यय आला. परळच्या प्रयोगशाळेत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी सिद्ध केलेली प्लेगप्रतिबंधक लस तेथे टोचण्यात आली आणि ‘५३-एन’ या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रथम प्रयोगशाळेच्या माथी आला. बाटली उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही साक्ष पुढे निर्णायक ठरली. मात्र हाफकिन दोषमुक्त होण्यास १९०७ साल उजाडावे लागले.

बूच न काढता त्यातूनच सुई घातली तर चिमट्याची गरजच उरत नाही. पण केवळ छिद्र मिटणे पुरेसे नसते. १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग येथे घटसर्पाची लस टोचलेली १२ बालके मृत्युमुखी पडली. बाटली पुनःपुन्हा वापरली जात होती आणि लसीत जंतुरोधक द्रव्य नव्हते. सुईबरोबर आत गेलेला जंतू बुचाला बाहेर काढता येत नाही.

पदार्थाची निवडही सोपी नव्हती. नैसर्गिक रबर सुई निघताच चटकन मिटते. परंतु त्यातून वायू व बाष्प झिरपतात आणि त्यातील प्रथिने काहींना बाधतात. १९३७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालेले ब्युटिल रबर वायूला उत्तम अडविते, मात्र पूर्वस्थितीत सावकाश येते. म्हणूनच औषधकोशांनी कसोटी ठरविली : १० बुचांना प्रत्येकी १० वेळा टोचावयाचे, मग बाटल्या निळ्या रंगद्रवात बुडवून हवेचा दाब कमी करावयाचा. रंग आत शिरता कामा नये.

१९८० च्या दशकात कर्करुग्णांच्या त्वचेखाली बसविल्या जाणाऱ्या औषधकुपीने प्रश्न अधिक कठीण केला, कारण हे बूच बदलता येत नाही. तेथे सिलिकोनची जाड चकती कड्यात दाबून बसवितात. तो दाबच छिद्र मिटवितो. चकती हजाराहून अधिक वेळा टोचणे सोसते, पण ह्युबर सुई वापरली तरच. साधी सुई चकतीचा कण कापून नेऊ शकते. ह्युबर सुईचे वाकविलेले टोक सिलिकोनला केवळ बाजूस सारते.