बाराशे रुपयांचा पोहरा

लॅपटॉपच्या कडेला एक चपटी खाच असायची, आठवतेय का? तिच्यात कार्ड सरकवायचं आणि शेजारचं बटण दाबलं की ते बाहेर यायचं. २००६ साली मी नाशिकला एक जुना लॅपटॉप घेतला. त्यात वायरलेसची सोय नव्हती, म्हणून ते कार्ड वेगळं घ्यावं लागलं. दुकानदाराने दोन-तीन काढून दाखवली. मी सगळ्यात स्वस्त, बाराशे रुपयांचं उचललं. कुठल्या कंपनीचं होतं ते आता आठवत नाही. अर्धा इंच बाहेर डोकावणारं काळं टोक (तोच अँटेना) आणि दोन लुकलुकणारे दिवे एवढं मात्र लक्षात आहे.

हे कार्ड इतकं स्वस्त झालं कसं, हा प्रश्न मला बऱ्याच नंतर पडला. त्याची गोष्ट कार्डापेक्षा मोठी आहे.

सुरुवात झाली दुकानाच्या गल्ल्यापासून! एनसीआर ही अमेरिकेतली गल्ल्याची यंत्रं बनवणारी कंपनी. दुकानाची मांडणी बदलली की प्रत्येक वेळी जमीन उकरून यंत्रांच्या वायरी हलवाव्या लागत. १९८५ साली अमेरिकन सरकारने काही लहरींचे पट्टे विनापरवाना वापरायला मोकळे केले. त्यातला एक २.४ गिगाहर्ट्‌झचा. याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हन चालतात, त्यामुळे तिथे गोंगाट फार. जणू गावाबाहेरचं पडीक रान, कुणाला नको असलेलं. एनसीआरच्या हॉलंडमधल्या इंजिनियरांनी ते कसायला घेतलं आणि तिथून वेव्हलॅन नावाचं कार्ड निघालं. तेव्हा त्याची किंमत हजार डॉलरच्या वर होती.

पुढे १९९७ साली ८०२.११ हे मानक ठरलं, म्हणजे कुणाचंही कार्ड कुणाच्याही यंत्राशी बोलू शकेल असे समाईक नियम. १९९९ मध्ये ॲपलने आयबुकसाठी ९९ डॉलरचं कार्ड आणलं आणि किमतीचा बांध फुटला. तैवान-चीनमध्ये कार्डं ढिगाने बनू लागली. २००३ साली इंटेलने सेंट्रिनो काढलं, वायरलेस लॅपटॉपच्या पोटातच गेलं आणि बाहेरून लावायच्या कार्डांचे दिवस भरले. माझं कार्ड म्हणजे त्या ओहोटीतलं. स्वस्त असायचं तेही एक कारण!

आता आपल्याकडचं बघू. घरातल्या मोठ्यांना आठवत असेल, पूर्वी नुसता रेडिओ घरात ठेवायलाही लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि त्या पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. १९३३ चा कायदाच तसा होता. बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा. हवेतली लहर ही सरकारची मालमत्ता. त्या देशात जानेवारी २००५ मध्ये नियम निघाला की २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात कमी ताकदीचं यंत्र वापरायला परवाना नको, घराबाहेरसुद्धा. मी कार्ड घेतलं ते त्यानंतर जेमतेम वर्षाने. माझ्या बाराशे रुपयांत ती मोकळीक फुकट आली होती.

कार्ड घेऊन मी सुरगाण्याला गेलो. एसटीने दिंडोरी, वणी, बोरगाव करत. सुरगाणा म्हणजे नाशिक जिल्ह्याचं गुजरातकडचं टोक, १९४८ पर्यंत देशमुखांचं छोटंसं संस्थान. तालुका डोंगरदऱ्यांचा, वस्ती मुख्यतः आदिवासी, नार-पारसारख्या नद्यांचं पाणी पश्चिमेला गुजरातेत जातं. मामेभावाच्या घरी लॅपटॉप उघडला. कार्डाचे दिवे लुकलुकले, शोध सुरू झाला आणि यादी कोरी! ऐकायला दिवे तयार होते, बोलणारं कुणी नव्हतं.

मामेभाऊ शिक्षक. त्याने शाळेचा लॅपटॉप आणला होता, त्यात वायरलेस आतच होतं. दोन्ही लॅपटॉप थेट एकमेकांना जोडले (विंडोज एक्सपीत ती सोय होती) आणि शाळेचे तक्ते, फोटो, थोडी गाणी इकडून तिकडे केली. कुडाच्या भिंतीतून लहर आरपार जाते हे तेव्हा कळलं. पण अंगणापलीकडे पत्र्याची शेड होती, तिच्या मागे गेलं की संपलं. या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीत. पत्रा, ओली पानं यांच्यापुढेच ती हात टेकते, डोंगराची तर गोष्टच नको.

म्हणून पालघर जिल्ह्यातला प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने तिथल्या गावांत टीव्हीच्या वाहिन्यांमधली रिकामी जागा वापरून इंटरनेट पोचवून पाहिलं. त्या लहरी लांब, झाडीतून बऱ्या जातात. गावापर्यंत ती लहर आणि गावात साधं वायफाय, अशी जोडणी. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं पारितोषिक मिळालं. सरकारचीही योजना आहेच. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं २०११ साली ठरलं, पुढे तिचं नाव भारतनेट झालं.

आपल्याकडे म्हणतात ना, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कार्ड हा पोहरा. तो हजार डॉलरवरून बाराशे रुपयांवर आला, आज मोबाइलच्या पोटात वेगळे पैसे न मोजता येतो. हवा मोकळी करायला एक राजपत्र पुरलं. आड खणायला मात्र माणसं, पैसा आणि वर्षं लागतात, आणि ती कुठे आधी लावायची हे कुणीतरी ठरवत असतं.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर आले, तेव्हा आमच्या नात्यातली पोरं रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसत. प्रत्येकाच्या फोनमध्ये माझ्या कार्डापेक्षा कितीतरी सरस वायरलेस होतं. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी, इथे सोयी देता येत नसतील तर आम्हाला गुजरातला जोडा, अशी मागणी केली. पेपरात त्यावर राजकारणच जास्त छापून आलं. मला त्यात टेकाडावरची ती पोरं दिसली. पोहरे त्यांच्या हातात कधीचे आहेत.