उभ्या गुहांमधील अवतरण-साधनांची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

उभ्या गुहेत दोरावरून उतरताना गती रोखणाऱ्या साधनाची निवड ही केवळ तांत्रिक बाब नसून ती जीविताशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात तिचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

इ.स. १८८९ मध्ये एदुआर-आल्फ्रेद मार्तेल फ्रान्समधील पादिराकच्या विवरात दोरशिडीने उतरले. पुढे खोल विवरांसाठी यांत्रिक रहाट आला. १९५२ मध्ये पिरेनीज पर्वतातील पिएर सें-मार्तें येथे रहाटाच्या पोलादी तारेची पकड सुटून मार्सेल लुबेंस कोसळले व मृत्यू पावले. प्राण वरच्या यंत्राच्या हवाली करण्यातील धोका या घटनेने अधोरेखित केला. एकेरी दोराच्या तंत्राने मात्र नियंत्रण उतरणाऱ्याच्याच हाती आले.

तथापि सर्व साधने सारखी नाहीत. दीर्घ उतारावर प्रारंभी खाली लोंबणाऱ्या दोराच्या वजनाने घर्षण वाढते व तळाशी ते घटते. १९६६ मध्ये अमेरिकेतील जॉन कोल यांनी सिद्ध केलेल्या ‘रॅक’मध्ये दांड्या कमी-अधिक करून हे घर्षण बदलता येते. याउलट वारंवार दोर बदलावा लागणाऱ्या गुहांत युरोपात रूढ झालेला दोन स्थिर चाकांचा ‘बॉबिन’ सोयीचा ठरतो. त्याच्या ‘स्टॉप’ या प्रकारात मूठ सोडताच उतरणे थांबते. परंतु भीतीने मूठ आवळली गेल्यास ते थांबत नाही.

निष्कर्षतः, स्वयंरोधक साधन हे सावधपणाला पर्याय ठरत नाही. उताराची लांबी, दोराची जाडी व हाताचा सराव यांवरूनच निवड व्हावी.