थोड्या द्रव्यांतील संगणक

अंथरूण पाहून पाय पसरावे, हा उपदेश संसारी गृहस्थाला नवा नाहीं. परंतु आखूड अंथरुणांतहि सुखाची झोप कशी साधावी, ही निराळी विद्या आहे. आणि संगणकाच्या क्षेत्रांत ती महाराष्ट्रांत दोन वेळां पणाला लागली आहे. छत्रपती संभाजीनगरांतील एखादें मध्यम स्थितीचें कुटुंब तयार यंत्र न घेतां, सुटे भाग निवडून मुलांच्या अभ्यासासाठीं टेबलावरील संगणक जुळवूं पाहतें, तेव्हां त्याच्यापुढें तीन प्रश्न उभे राहतात. खर्च कोणत्या अंगावर करावा? काटकसर कोठें करावी? आणि आज घेतलेला भाग उद्यां कालबाह्य झाला तर पुढें काय? मुंबई व पुणें येथील शास्त्रज्ञांनाहि हेच तीन प्रश्न सोडवावे लागले होते.

पहिला प्रसंग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील आहे. तेथें रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं एका मंडळीनें स्वतःचा संगणक बांधण्याचें मनावर घेतलें. मोठ्या यंत्राला एकदम हात न घालतां त्यांनीं प्रथम चांचणीपुरतें एक लहान यंत्र बांधलें, आणि तें १९५६ सालीं चालूं झालें. मोठें यंत्र फेब्रुवारी १९६० पासून काम करूं लागलें. औरंगाबादेस शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें तेंहि याच वर्षीं. पुढें १९६२ सालीं या यंत्राचें 'टिफ्रॅक' असें नामकरण झालें. सुमारें २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक एवढा त्याचा पसारा होता. नळ्या जुन्या वळणाच्या होत्या; स्मृति मात्र फेराइटच्या बारीक कड्यांची, म्हणजे त्या काळीं नुकत्याच प्रचारांत आलेल्या पद्धतीची घेतली होती. सर्वच अंगें नवीं घेणें शक्य नसेल, तर नवेपण कोठें हवें हें ठरवावें लागतें, याचें हें उदाहरण होय. पण तें यंत्र पुरें होईपर्यंत जगांत नळ्यांची जागा ट्रान्झिस्टर घेऊं लागले होते. १९६४ सालीं संस्थेंत अमेरिकेचें सीडीसी ३६०० हें यंत्र आलें, आणि टिफ्रॅकचें कार्य संपत आलें.

त्या काळीं सुटे भाग जुळवून संगणक करणें हें संशोधन संस्थेचेंच काम होतें. तें गृहस्थाच्या आवांक्यांत आलें त्याचें कारण अमेरिकेंत घडलें. १९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला. वेळ थोडा असल्यानें तिनें बहुतेक भाग इतर कंपन्यांचे, बाजारांत मिळणारे असेच वापरले. प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारें मुख्य अंग, इंटेलचा ८०८८ हा निवडला. तो आंतून सोळा अंकी, पण बाहेरच्या भागांशीं आठ अंकी मार्गानें बोलणारा होता. म्हणून त्याच्या जोडीला आठ अंकी, स्वस्त भाग चालत. यंत्राचे आराखडेहि कंपनीनें प्रसिद्ध केले. मग इतर कंपन्यांनीं त्याबरहुकूम यंत्रें बनविलीं, आणि एकाचा भाग दुसऱ्याच्या यंत्रांत बसूं लागला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांचा जो बाजार भरला, त्याचें मूळ येथें आहे.

बाजारांतील भागांवर किती मजल मारतां येते, हें पुण्यानें दाखविलें. हवामानाच्या भाकितासारखीं प्रचंड गणितें करणारीं अमेरिकन यंत्रें त्या वेळीं महाग होतीं, आणि कडक अटींवांचून मिळत नव्हतीं. दिल्लीच्या हवामानकार्यासाठीं एक क्रे यंत्र मिळालें. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवें असलेलें अधिक समर्थ यंत्र मात्र मिळालें नाहीं. तेव्हां १९८८ सालीं पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. मुदत तीन वर्षांची व द्रव्य सुमारें ३० कोटी रुपयांचें होतें. एवढ्यांत स्वतःचा अतिवेगवान प्रोसेसर बनविणें अशक्य होतें. म्हणून बाजारांतील लहान प्रोसेसर घेऊन असे पुष्कळ एकत्र जुंपावे, असें ठरलें. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचा 'ट्रान्सप्यूटर' पसंत झाला. शेजारच्या प्रोसेसरांशीं बोलण्याचे चार मार्ग त्या चिपमध्येंच होते, हा त्याचा मोठा गुण होता. त्यामुळें जोडणीचा व्याप कमी झाला. १९९१ सालीं 'परम ८०००' जगापुढें आला. त्यांत असे ६४ प्रोसेसर एकाच गणितावर राबूं शकत.

या निवडींत जोखीमहि होती. ट्रान्सप्यूटर एकाच कंपनीचा माल होता. त्याची नवी पिढी वेळेवर आली नाहीं, आणि पुण्याला इतर कंपन्यांच्या प्रोसेसरांकडे वळावें लागलें. या अनुभवानंतर १९९४ च्या 'परम ९०००' ची रचनाच अशी झाली कीं, बाकीची मांडणी न मोडतां प्रोसेसर बदलतां यावा.

हा इतिहास घरच्या संगणकालाहि लागू पडतो. प्रथम काम ठरवावें, मग भाग. लेखन, अभ्यास व हिशेब एवढेंच काम असेल, तर चित्रदर्शनाची सोय अंगींच असलेला प्रोसेसर पुरतो. निराळें ग्राफिक कार्ड लागत नाहीं. त्यांतून वांचलेला पैसा मेमरी व एस.एस.डी. यांवर खर्च केला, तर यंत्राची चपळाई अधिक जाणवते. मदरबोर्डावर मेमरीसाठीं रिकामी जागा असावी, आणि त्यावर पुढील पिढीचा प्रोसेसर बसेल काय, हें आधींच विचारावें. ट्रान्सप्यूटरनें दिलेला इशारा हाच आहे. कॅबिनेट व पॉवर सप्लाय यांचीं मापें १९९५ पासून प्रचारांत असलेल्या ए.टी.एक्स. पद्धतीचीं असतील, तर आंतील भाग बदलूनहि तीं वर्षानुवर्षें टिकतात. पॉवर सप्लायमध्यें मात्र काटकसर नको. तो हलका निघाला तर इतर भागांनाहि घेऊन बुडतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर जातो, वीजहि खंडित होते. म्हणून हवा खेळती ठेवणारा पंखा, धुळीची जाळी आणि यू.पी.एस. यांना अंदाजपत्रकांत आरंभींच स्थान हवें.

द्रव्य थोडें असणें हें वैगुण्य खरें, पण तें असाध्य नव्हे. टिफ्रॅक व परम हीं दोन्ही यंत्रें आज कालबाह्य झालीं आहेत. त्यांच्या कर्त्यांनीं गरज ओळखून भाग निवडण्याची जी शिस्त घालून दिली, ती मात्र कालबाह्य झालेली नाहीं. आणि तिला बाजारांत मोल पडत नाहीं.