डुआर्टे गावच्या क्लबाची हकीकत

यंदाच्या स्मरणिकेत समाजसेवेच्या इतिहासावर एक लेख असावा असे मंडळाच्या बैठकीत ठरले आणि ते काम माझ्या वाट्याला आले. आपल्या मंडळाच्या कार्याचा अहवाल या अंकात अन्यत्र आहेच, म्हणून मी जरा दूरची हकीकत निवडली. ती आहे पुरुषांच्या एका क्लबाची. तरीही भगिनींनो, ती आपल्याला परकी वाटणार नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिस शहराच्या ईशान्येस, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी डुआर्टे नावाचे गाव आहे. वस्ती साधारण वीस-बावीस हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहानशा तालुक्याच्या गावाएवढी. १९५७ साली त्याला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला. १९१३ मध्ये क्षयरोग्यांसाठी सुरू झालेले आणि पुढे नावारूपास आलेले 'सिटी ऑफ होप' हे रुग्णालय तिथलेच. एरवी गावाचे नाव बाहेर कोणी घ्यावे असे विशेष काही नव्हते. गावात शाळा होत्या, दुकाने होती, आणि चार प्रतिष्ठित माणसांनी आठवड्यातून एकदा जेवायला जमावे असा एक रोटरी क्लब होता.

रोटरी म्हणजे काय, हे आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ साली शिकागोत आपल्या तीन मित्रांना बोलावून हा उपक्रम सुरू केला. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे, त्यावरून हे नाव पडले. प्रत्येक धंद्याचा, प्रत्येक पेशाचा माणूस क्लबात असावा आणि सर्वांनी मिळून गावाच्या उपयोगी पडावे, ही मूळ कल्पना. आपल्या देशात ती १९१९ साली कलकत्त्याला आली. मुलांसाठी काम करण्याकडे या क्लबांचा ओढा पहिल्यापासून होता. १९२० साली न्यूयॉर्कच्या क्लबाने 'मुलगे सप्ताह' साजरा केला आणि त्याचे अनुकरण गावोगाव झाले. (सप्ताह मुलग्यांचाच होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.) पुढे १९६२ च्या नोव्हेंबरात फ्लॉरिडातल्या मेलबर्न येथील शाळेत तेवीस विद्यार्थ्यांचे पहिले 'इंटरॅक्ट' मंडळ निघाले, आणि त्यानंतर लवकरच दुसरे निघाले ते आपल्या तंजावरला! शाळकरी मुलांनी लहान वयातच सेवेची सवय लावून घ्यावी, हा त्यामागचा हेतू.

आता लहान गावात मुलांसाठी काम करायचे म्हणजे काय करावे लागते, ते मंडळात वावरणाऱ्या स्त्रीला सांगायला नको. कोणत्या मुलाच्या घरी अडचण आहे, कोणाची फी राहिली, कोणाला चष्मा हवा, कोणती मुलगी हुशार असून शाळा सोडण्याच्या बेतात आहे, ही माहिती बाजारपेठेत मिळत नाही. ती शाळेतच मिळते. १९७७ च्या सुमारास डुआर्टेच्या क्लबाचे सभासद घटत घटत बोटांवर मोजण्याइतके उरले होते. नवी कर्ती माणसे हवी होती, आणि गावाच्या शाळांतून जबाबदारीच्या जागी स्त्रिया होत्या. प्रत्येक पेशाचा माणूस क्लबात असावा असे म्हणायचे आणि शाळेचा कारभार पाहणारी बाई मात्र नको, हे कसे जमणार? क्लबाने शिक्षणक्षेत्रातल्या तीन स्त्रियांना सभासद करून घेतले : डोना बोगार्ट, मेरी लू एलियट आणि रोझमेरी फ्रायटॅग.

गावाला यात वावगे काही दिसले नाही. वरच्यांना मात्र दिसले. घटनेत 'पुरुष' हा शब्द स्पष्ट होता. १९७८ च्या मार्चमध्ये मध्यवर्ती संस्थेने डुआर्टे क्लबाची सनद काढून घेतली. क्लबाने आंतरराष्ट्रीय अधिवेशनापुढे दाद मागितली, तीही फेटाळली गेली. तिघींना वगळून पुन्हा शहाण्यासारखे वागावे, हा सोपा मार्ग मोकळा होता. पण डुआर्टेच्या माणसांनी तो धरला नाही. त्यांनी स्वतःला 'माजी रोटरी क्लब' म्हणवून घेतले, रोटरीच्या चक्राच्या बिल्ल्यावर एक फुली मारून घेतली आणि तो बिल्ला कोटाला लावून ते पूर्ववत आठवड्याला जमत राहिले. मला या फुलीचे फार कौतुक वाटते. रागावून दुसरी संस्था काढणे सोपे असते. ज्या दारातून घालवले त्याच दारात चुकार बिल्ला लावून उभे राहायला वेगळीच चिकाटी लागते.

त्या काळच्या नियमांत स्त्रियांना अगदीच मज्जाव होता असेही नाही. स्त्रियांनी सभेला यावे, भाषण करावे, बक्षीस घ्यावे. सभासदांच्या घरच्या स्त्रियांनी आपले निराळे मंडळ काढावे, रोटरीचा बिल्लाही लावावा. आणि मुलींनी? चौदा ते अठ्ठावीस वयाच्या मुलींना 'इंटरॅक्ट' व 'रोटरॅक्ट' या तरुणांच्या मंडळांत येण्याची मुभा होती. म्हणजे चौदा वर्षे मुलीला सेवेचे, संघटनेचे धडे द्यायचे आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तिला सांगायचे की, बाई, आता तुझे काम संपले. तुझ्या बरोबरीने शिकलेला तो मुलगा आत येईल, तू यजमानांबरोबर पाहुणी म्हणून ये. तरुण पिढीसाठी चाललेल्या कामातली ही अडचण किती जणांच्या ध्यानात आली असेल कोण जाणे.

डुआर्टेचा क्लब आणि त्या तिघींपैकी दोघी न्यायालयात गेल्या. १९८३ साली पहिला निकाल विरुद्ध गेला. १९८६ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो फिरवला आणि मध्यवर्ती संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. खटल्यात संस्थेच्या सरचिटणीसांची साक्ष झाली होती. स्त्रियांना बाहेर ठेवल्याने पुरुषांना आपसांतील स्नेहभावाचा लाभ होतो, आणि निरनिराळ्या चालीरीती असलेल्या परदेशांत काम करणे संस्थेला सुकर जाते, असे त्यांचे म्हणणे होते.

परदेशांच्या चालीरीती! भगिनींनो, येथे मला आपल्या देशाची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. घटनेतला 'पुरुष' हा शब्द गाळावा, असा ठराव रोटरीच्या नियम-परिषदेसाठी १९५० सालीच आला होता, आणि तो पाठवला होता भारतातल्या एका क्लबाने. नुकतेच प्रजासत्ताक झालेले, मतदार याद्यांत बायकांची नावे घालण्याच्या खटपटीत असलेले आपले राष्ट्र! तो ठराव तेव्हा निष्फळ ठरला. १९६४ साली सिलोनच्या एका क्लबाने तशीच सूचना मांडली, ती मागे घ्यायला लावली गेली. तेव्हा पूर्वेकडच्या लोकांना चालणार नाही, ही सबब १९८०च्या दशकात पुढे करणाऱ्यांनी आपले जुने दप्तर एकदा उघडून पाहायला हवे होते.

३० मार्च १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयात डुआर्टेची बाजू मांडायला उभ्या राहिल्या त्या ज्युडिथ रेझनिक, कायद्याच्या प्राध्यापिका. ४ मे रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती पॉवेल यांनी तो लिहिला. नऊपैकी दोन न्यायमूर्ती कामकाजापासून अलिप्त राहिले होते, उरलेले सातही डुआर्टेच्या बाजूने. निकालातला युक्तिवाद आपल्या बायकी शहाणपणाला पटण्याजोगा आहे. वीसपासून नऊशेपर्यंत ज्याचे सभासद असू शकतात, दर वर्षी ज्यातले दहापैकी एक जातात व नवे येतात, पाहुणे ज्याच्या सभेला सदैव येऊ शकतात, आणि आपली दारे-खिडक्या जगाला उघडी ठेवावीत असे जो स्वतःच सांगतो, त्या क्लबाला चार मित्रांच्या घरगुती बैठकीची गोष्ट सांगता येणार नाही. शिवाय स्त्रिया आल्याने गावाची सेवा करण्यात अडथळा कसला? उलट हात वाढतील.

त्याच वर्षी डुआर्टे क्लबाच्या अध्यक्ष झाल्या सिल्व्हिया व्हिटलॉक. रोटरीच्या इतिहासातल्या त्या पहिल्या स्त्री क्लबाध्यक्ष. पेशाने शाळेच्या मुख्याध्यापिका. १९८२ साली, म्हणजे बिल्ल्यावर फुली होती त्या दिवसांत, त्या या क्लबात आल्या होत्या.

लायन्स आणि किवानिस या संस्थांनीही १९८७ सालीच स्त्रियांना प्रवेश दिला. रोटरीच्या नियम-परिषदेने १९८९ मध्ये 'पुरुष' हा शब्द जगभराच्या घटनेतून काढला. भारतातल्या क्लबाने तो काढा म्हटल्याला तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती. १९९० च्या जूनपर्यंत जगात वीस हजारांवर स्त्रिया सभासद झाल्या. १९९५ साली आठ जणी प्रांतपाल झाल्या, आणि २०२२ च्या जुलैत कॅनडातल्या विंडसर गावच्या जेनिफर जोन्स यांनी सगळ्या रोटरीचे अध्यक्षपद हाती घेतले.