मिशीवाल्याची उडी

बेळगावात आमच्या गल्लीत पहिला व्हिडिओ गेम आला तो १९९४च्या सुमारास, शेजारच्या कन्नड घरात. जपानी यंत्राची ती स्वस्त नक्कल होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले. पाट्यांच्या भाषेवरून तेव्हा गल्लीत कुरबुर चाले. मोठी माणसे जपूनच बोलत. पण त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा एकाच चटईवर बसून एका बुटक्या मिशीवाल्याला उड्या मारायला लावीत. त्या खेळात वाचण्यासारखे फारसे काही नव्हतेच.

हा मारिओ. क्योतोच्या निन्तेन्दो कंपनीचा. १८८९ साली ही कंपनी खेळायचे पत्ते करण्यासाठी निघाली होती. शिगेरू मियामोतो यांनी १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये हा गडी प्रथम आणला. मोजक्या ठिपक्यांत तोंड काढता येईना म्हणून मिशी, केस जमेनात म्हणून टोपी! अडचणीतून रूप आले ते असे.

१९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला होता. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र, फक्त रंग वेगळा. आमच्या घरातल्या बायका एका साडीतून परकर-पोलकी काढीत, तसलीच ही काटकसर. पण उडी मात्र उदार हाताने दिलेली. बटण जितके दाबून धराल तितकी ती उंच, आणि धावत आलात तर आणखी लांब.

१९९०मध्ये सोळा बिटांचे यंत्र आले. मारिओला डायनासोरवर बसवायची मियामोतोंची जुनी इच्छा होती. आधीच्या यंत्राला ते पेलले नव्हते. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये योशी आला.

खरी उलथापालथ १९९६ची. ‘निन्तेन्दो ६४’वर मारिओ चहूदिशांना मोकळा झाला. काठी हलकी कलवली तर तो चाले, पुरती कलवली तर धावे. पण खोली आली आणि उडीचा अंदाज गेला. म्हणून पायांखाली नेमकी सावली पाडली, आणि पाहणारा डोळा कुणाचा, तर ढगावर बसून कॅमेरा धरणाऱ्या लाकितूचा, असे खेळातच दाखवून टाकले. मला ही युक्ती फार आवडते. २००७च्या ‘गॅलक्सी’त लहान गोल ग्रह आले. गोलावर कितीही पळा, वाट संपत नाही, आणि कॅमेराही फारसा फिरवावा लागत नाही.

तरीही २००६चा, बाजूने दिसणारा ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स’ तीन कोटींहून अधिक खपला. ‘गॅलक्सी’ला त्याच्या निम्मेही गाठता आले नाही. लोकांना ती साधी धाव हवीच होती. मलाही तीच कळते.

गेल्या दिवाळीत शेजारचा तो मुलगा बंगळूरहून आला. आता चाळिशी ओलांडलेला. माझ्या नातवाकडे २०२३चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ आहे, पुन्हा बाजूनेच दिसणारा. याने हौसेने यंत्र हातात घेतले आणि पहिल्याच खड्ड्यात पडला.

“काका, सवय मोडली बघा,” तो मराठीत म्हणाला, आणि नातवाने त्याला चटईवर जागा करून दिली.