छतावर सोलर बसवलं की वीज बिल खरंच शून्य येतं का?

'सोलर बसवा, वीज बिल विसरा' अशा जाहिराती आणि मेसेज सध्या सगळीकडे फिरत आहेत. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. छतावरच्या सोलरमुळे बिल खूप कमी होऊ शकतं. मात्र त्यासाठी लाख-दीड लाख रुपये गुंतवावे लागतात, अनेकदा कर्जही काढावं लागतं. म्हणून सही करण्याआधी हे गणित समजून घेतलेलं बरं.

सरकारी योजना काय आहे?

'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. १ कोटी घरांच्या छतांवर सोलर बसवणं हे तिचं उद्दिष्ट असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

घरगुती ग्राहकाला मिळणारं अनुदान असं आहे :

- १ किलोवॅट : ३०,००० रुपये
- २ किलोवॅट : ६०,००० रुपये
- ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त : ७८,००० रुपये

म्हणजे ५ किलोवॅटची यंत्रणा बसवली तरी अनुदान ७८,००० रुपयांवरच थांबतं. हे पैसे यंत्रणा सुरू झाल्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतात. थोडक्यात, योजनेच्या नावात 'मुफ्त' असलं तरी यंत्रणा फुकट मिळत नाही.

किती वीज तयार होते?

१ किलोवॅटच्या पॅनलना साधारण १०० चौरस फूट, सावली न पडणारी जागा लागते. त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. ३ किलोवॅटमधून दिवसाला १२, तर महिन्याला साधारण ३६० युनिट.

ही सरासरी आहे. मार्च ते मे भरपूर वीज मिळते, जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत ती बरीच घटते. पॅनल ऊन्हावर चालतं, उष्णतेवर नाही. उलट पॅनल खूप तापलं की त्याची क्षमता थोडी कमी होते. म्हणूनच ते छताला चिकटवून न बसवता खालून हवा खेळेल इतकं उंच ठेवतात.

रात्रीचं काय? इथे नेट मीटर येतो

दुपारी पॅनल जोरात चालतात, पण घरचे कामावर आणि शाळेत असतात. वापर होतो संध्याकाळी. दुपारची जास्तीची वीज वीज कंपनीच्या तारांमध्ये जाते आणि रात्री तिथूनच परत घेतली जाते. ही देवाणघेवाण नेट मीटर मोजतो. घेतलेल्या युनिटमधून दिलेले युनिट वजा होतात आणि उरलेल्याचं बिल येतं.

दिलेले युनिट जास्त असतील तर ते पुढच्या महिन्यात जमा धरले जातात. त्यामुळे उन्हाळ्यातली शिल्लक पावसाळ्यात कामी येते. हा हिशेब ३१ मार्चला, आर्थिक वर्षाअखेर, मिटवला जातो. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण ते तुम्ही विजेसाठी मोजता त्या दराने नाहीत. म्हणून वीज विकून कमाई होईल या आशेने गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवणं फायद्याचं नसतं.

हे नियम राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलू शकतात. अर्ज करतानाचा चालू नियम वीज कंपनीकडून समजून घ्यावा.

मग बिल शून्य येतं का?

सहसा नाही. वापर पूर्ण भरून निघाला तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

बचत मात्र मोठी असू शकते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. सोलरमुळे आधी वरच्या, महागड्या टप्प्यातले युनिट कमी होतात. त्यामुळे महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्याला सोलर लवकर परवडतं, ८० युनिट वापरणाऱ्याला तितकं नाही.

समजा, अनुदान वजा जाता पदरचे १ लाख रुपये गेले आणि महिन्याला १,५०० रुपये वाचले. तर साधारण साडेपाच वर्षांत पैसे वसूल होतात. पॅनलची कामगिरीची हमी बहुधा २५ वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागेल, हे धरून चालावं.

लाइट गेली तर घरात वीज राहते का?

बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. बॅटरी नसलेली साधी यंत्रणा लाइट गेली की आपोआप बंद होते, भर दुपारीसुद्धा. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला घरातून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ही सोय असते. भारनियमनात वीज हवी असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याने खर्च वाढतो.

सही करण्याआधी काय तपासावं?

- गेल्या १२ महिन्यांची बिलं : यंत्रणेचा आकार वापरावरून ठरवा, छताच्या आकारावरून नाही.
- सावली : पाण्याची टाकी, नारळाचं झाड, शेजारची इमारत. थोड्या सावलीनेही उत्पादन बरंच घटू शकतं.
- सांगाडा : ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कोकणात असंख्य घरांची छपरं उडाली. किनाऱ्यालगत सांगाड्याची मजबुती आणि गंजरोधक लेप यात काटकसर नको.
- पॅनल : अनुदानासाठी भारतीय बनावटीचे सेल असलेलेच पॅनल लागतात. हे बिलावर लिहून घ्या.
- विक्रेता : योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी असलेलाच निवडा. देखभाल किती वर्षं आणि कोण करणार, हे करारात असू द्या.

स्वतःचं छत नसेल तर?

गृहनिर्माण सोसायटीला लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं. त्यातून सगळ्यांचाच मेंटेनन्स कमी होऊ शकतो.

भाड्याने राहणाऱ्यांनाही एक सोपी सुरुवात आहे. ७५ वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी सुमारे ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावला आणि तो रोज १२ तास चालला, तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात. ज्यांना पुढे सोलर बसवायचं आहे, त्यांनीही आधी हेच करावं. वापर कमी झाला की यंत्रणा लहान लागते आणि कर्जही कमी काढावं लागतं.